कष्टकरी मुलीचे वय



चांदा जिल्ह्याच्या इतिहासावर बोलावयाचे म्हणजे गोंड राजांच्या परकोटावर, महाकालीच्या देवळावर किंवा कोळशाच्या खाणींवर बोलावयाचे, अशी आपल्याकडे रीत आहे. रीत वाईट नाही. परंतु याच जिल्ह्यातील एका रात्रीमुळे साऱ्या देशाचा फौजदारी कायदा बदलला, आणि त्या रात्रीविषयी आपण सभेत बोलत नाही. विषय नाजूक आहे, मुलाबाळांदेखत काढू नये, असे सांगण्यात येते. आमचे म्हणणे उलट आहे. जे मुलांवर गुदरते ते मुलांदेखत बोलता येत नाही, म्हणूनच ते पिढ्यान् पिढ्या गुदरत आले. तेव्हा आज तोच विषय घेतला आहे.

प्रथम एक खुलासा. हा खटला साऱ्या देशात त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. कायद्याच्या ग्रंथांत मात्र तो आरोपीच्या नावाने छापला आहे. आम्ही येथे तिचे नाव घेणार नाही. अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव छापणे हा गुन्हा ठरला तो १९८३ साली, आणि ठरला तो तिच्याच खटल्यामुळे. तोवर तिचे नाव गावोगाव झाले होते. तिच्यामुळे इतरांना जो आडोसा मिळाला तो तिला स्वतःला मिळाला नाही. निदान आपल्या या मांडवात तो मिळावा.

घटना २६ मार्च १९७२ च्या रात्रीची. ठिकाण देसाईगंज, रेल्वेच्या भाषेत वडसा. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून तिकडे आहे. मुलगी आदिवासी, आईबाप लहानपणीच गेलेले. ती भावाजवळ राही आणि दोघेही मजुरी करून पोट भरीत. ज्या बाईच्या घरी ती कामाला जाई, तिच्या बहिणीच्या मुलाशी तिचे मन जुळले आणि दोघांनी लग्न करावयाचे ठरविले. भावाला ते मान्य नव्हते. बहिणीला पळवून नेले, अशी तक्रार त्याने ठाण्यावर दिली. त्यावरून सारी मंडळी रात्री ठाण्यावर आणली गेली. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास हेड कॉन्स्टेबलने सर्वांना घरी जाण्यास सांगितले, मुलीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल आणून दे असे भावाला बजावले, आणि तो जेवावयास निघून गेला.

मागे आणखी एक हेड कॉन्स्टेबल व एक शिपाई उरले. शिपायाने मुलीला थांबवून घेतले आणि बाकीच्यांना बाहेर काढले. दारे लागली, दिवे मालवले गेले. आत शिपायाने बलात्कार केला, आणि दारूच्या नशेत असलेल्या दुसऱ्याने अंगाशी झोंबाझोंबी केली, अशी तिची जबानी आहे. बाहेर थांबलेल्या माणसांनी हाका मारल्या, आरडाओरडा केला, त्याने लोक गोळा झाले. मुलगी बाहेर आली आणि झाले ते तिने तिथल्या तिथे सांगितले. जमाव खवळला, ठाणे जाळून टाकू, अशी भाषा निघाली. जेवावयास गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला बोलावून आणावे लागले. त्याने लोकांना कसेबसे शांत केले आणि मुलीची फिर्याद लिहून घेतली.

या हकिगतीतल्या दोन गोष्टी मनात ठेवा. पहिली, ती जन्माच्या नोंदीची नक्कल. दुसरी, तो जमाव. पुढचा सारा इतिहास या दोन गोष्टींभोवती फिरतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासले आणि मुलीचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान असावे असा अंदाज दिला. त्या वेळी कायद्याची मर्यादा सोळा होती. सोळाच्या आतल्या मुलीची संमती कायद्याच्या लेखी संमतीच नव्हे. म्हणजे वय सिद्ध झाले असते तर 'तिची खुशी होती काय' हा प्रश्नच उरला नसता. परंतु चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोघांनाही निर्दोष सोडले. मुलगी सोळाच्या आतली असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, ती खोटे बोलते, आणि तिला शरीरसंबंधाची सवय होती, अशी कारणे दिली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरविला. शिपायास पाच वर्षांची व हेड कॉन्स्टेबलला एक वर्षाची शिक्षा दिली. भीतीपोटी निमूट राहणे निराळे आणि संमती देणे निराळे, हे त्या न्यायालयाने ओळखले. मग १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल यांनी दोघांनाही पुन्हा निर्दोष ठरविले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिने प्रतिकार केला हे खरे मानता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

आम्ही कायद्याची पदवी घेतलेली नाही; आमची शाळा लवकर सुटली, जे वाचले ते पुढे कामगारांच्या वाचनालयात वाचले. परंतु जखमेवाचून जुलूम नाही, हा न्याय कोणत्याही मजुराला विचारून पाहा. मुकादमाने हजेरी कापली तर मजूर ओरडतो काय? ठेकेदाराने आठवड्याचा पगार बुडविला तर त्याच्या अंगावर वळ उठतात काय? उद्याचे काम ज्याच्या हाती आहे, त्याच्यापुढे मान खाली जाते. ती खाली गेलेली मान म्हणजे होकार, असे म्हणणाऱ्याने कधी दुसऱ्याच्या दारी काम मागितलेले नसते. मग बंद दाराआड, रात्री, गणवेशातल्या माणसापुढे चौदा-सोळा वर्षांच्या पोरक्या मुलीची काय कथा!

आता त्या नकलेकडे वळू. मुलीचे वय हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. १८६० च्या दंडविधानाने ही मर्यादा दहा वर्षे ठेवली होती. बेहरामजी मलबारींनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लेखणी चालविली. पुढे कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची एक विवाहित मुलगी पतीच्या संगाने मरण पावली आणि देश हादरला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा बारा झाली. त्या वेळी पुण्यात केवढे रण माजले, हे आपण ऐकून आहोत. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे. शास्त्राचा आधार देऊन डॉ. भांडारकर कायद्याच्या बाजूने उभे. मर्यादा १९२५ साली चौदा आणि १९४९ साली सोळा झाली. विवाहात मात्र ती एकेक वर्षाने कमी ठेवली गेली.

या साऱ्या वादात दोन्ही बाजूंची मंडळी विद्वान होती. त्यांच्या डोळ्यांपुढे होती ती जिची जन्मपत्रिका देव्हाऱ्याशेजारच्या पेटीत आहे अशी मुलगी. तिचे वय घटिका-पळांनिशी ठाऊक असते. ज्या मुलीचा जन्म धानाच्या बांधावर झाला, आई रोवण्याला आणि बाप जंगलात, तिची पत्रिका कोण मांडणार? आपल्या भागात फार तर कोतवाल बुकात एक ओळ, तीही 'अमक्याला मुलगी झाली' एवढीच, पुष्कळदा नावाशिवाय. शाळेत घातले नाही म्हणजे दाखल-खारीज रजिस्टरात नाव नाही. कायद्याने वय वाढविले खरे, परंतु ते मोजावयाचे माप गरिबाच्या घरी पोचविलेच नाही.

आणि माप नसले म्हणजे जग दुसरे माप लावते: काम करते ना, मग मोठी झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने चौदाच्या आतल्या मुलाला कारखान्यात बंदी केली, वयाचा दाखला देणारा शल्यचिकित्सक नेमला. शेत, जंगल आणि दुसऱ्याचे स्वयंपाकघर त्या कायद्याच्या बाहेरच राहिले. जी मुलगी आठव्या वर्षी धाकटे भावंड कडेवर घेते, दहाव्या वर्षी मोहफुले वेचते आणि बाराव्या वर्षी दुसऱ्याच्या घरची भांडी घासते, तिला कोणी मूल समजत नाही. तिच्यावर अत्याचार झाला तर तो 'मुलीवर' झाला असे कोणाच्या मनात येत नाही. देसाईगंजच्या खटल्यात वय सिद्ध झाले नाही, ते केवळ कागद नव्हता म्हणून असे आम्ही मानीत नाही. कष्टकऱ्याच्या लेकरालाही बालपण असते, ही समजूतच समाजात नव्हती. या व्याख्यानात आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच.

निकालानंतर एक वर्षाने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक उघडे पत्र लिहिले. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार ही ती चौघे. संमती आणि शरणागती यांतला भेद सर्वोच्च न्यायालयाला दिसू नये काय, असा त्यांचा सवाल होता. रात्रीच्या वेळी मुलीला ठाण्यावर आणून थांबवून ठेवण्याबद्दल निकालात निषेधाचा एक शब्दही नाही, याकडे त्यांनी बोट दाखविले. पत्र वृत्तपत्रांतून फिरले. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. नागपुरात सीमा साखरे यांच्या पुढाकाराने स्त्री अत्याचार विरोधी परिषद काम करू लागली. ८ मार्च १९८० रोजी शहराशहरांतून स्त्रिया रस्त्यावर आल्या. विधी आयोगाने त्याच साली आपला ८४ वा अहवाल दिला. आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस, तुरुंग, रुग्णालय अशा ताब्यातल्या ठिकाणी अत्याचार झाला, संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि 'माझी संमती नव्हती' असे स्त्री म्हणाली, तर न्यायालयाने ते प्रथमदर्शनी खरे धरावे, असे ठरले. चौकशी बंद दालनात व्हावी आणि नाव छापू नये, हेही ठरले.

सुटलेले मात्र सुटले. त्या मुलीच्या खटल्याचा निकाल बदलला नाही.

'सवय' या एका शब्दाने पुढेही पुष्कळ वर्षे मुलींचा छळ केला. फिर्यादी स्त्रीची चालचलणूक काढण्याची मुभा देणारे पुराव्याच्या कायद्यातले पोटकलम २००२ च्या दुरुस्तीने गेले. डॉक्टरी तपासणीतली दोन बोटांची चाचणी तरीही चालू होती. तिच्याविरुद्ध आपल्या विदर्भातूनच, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अभ्यासपूर्ण आवाज उठविला आणि प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आणि पुन्हा २०२२ साली ही चाचणी त्याज्य ठरविली. ज्या न्यायसंस्थेने 'सवय' हे कारण मानले होते, तिनेच ते पुसावे याला चव्वेचाळीस वर्षे लागली.

परंतु १९८३ च्या कायद्याची नजर ठाण्यावर आणि तुरुंगावर होती. घरातल्या, शेजारच्या, शाळेतल्या माणसाचे काय? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींहून कमी नव्हते, किंचित अधिकच होते. त्रास देणारा निम्म्या वेळा ओळखीचा, विश्वासातला होता. बहुतेकांनी कोणालाच सांगितले नव्हते. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाची भीती आपण मुलांना घालतो, आणि धोका ओसरीवर बसून चहा पीत असतो.

गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतःचा कायदा केला होता. देशाला तसा कायदा मिळाला तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून: लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, ज्याला सारे पोक्सो म्हणतात. तो मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही आणि अठरापर्यंत लागू आहे. त्याची कलमे वाचताना देसाईगंजची रात्र डोळ्यांपुढे उभी राहते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तेथे घ्यावा. शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा. जबाब घेणाऱ्याच्या अंगावर गणवेश नसावा. कोणत्याही कारणास्तव मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये. न्यायालयात मुलाला आरोपीसमोर आणू नये, त्याच्या चारित्र्यावर प्रश्न विचारू नयेत. वयाचेही आता ठरले आहे: शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. एका मुलीने जे भोगले त्याला एकेका ओळीत दिलेले हे उत्तर आहे, चाळीस वर्षे उशिरा आलेले.

कायदा चांगला आहे म्हणून त्याच्या अडचणी झाकून ठेवू नयेत. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने जोडीदार निवडते, बाप किंवा भाऊ तक्रार देतो आणि तो मुलगा तुरुंगात जातो, असेही या कायद्याखाली घडते. देसाईगंजची तक्रार मुळात भावाची होती, मुलीची नव्हती, हे विसरता येत नाही. त्या रात्री तिला तू कोणाबरोबर राहतेस असे सर्वांनी विचारले. तुला काय हवे आहे, असे कोणी विचारले नाही. मुलाचे रक्षण करावयाचे म्हणजे त्याच्या वतीने बोलत सुटावयाचे, असा अर्थ झाला तर रक्षणाचाही जाच होतो.

मग आपण काय करावयाचे? कामगार संघटनेच्या अनुभवाने आम्ही सांगतो की जुलूम होतो तो जागा पाहून होतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात आईबाप पहाटेच जंगलात जातात आणि मुले मुक्कामावर एकटी राहतात. मिरची तोडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणात जातात, उघड्यावर पाल ठोकून राहतात. विटभट्टीवर न्हाणीला आडोसा नसतो. म्हणून आमची मागणी मजुरीच्या दराबरोबरच असते: मुक्कामावर मुलांसाठी सांभाळणारी बाई ठेवा, आडोसा करा, रात्री दिवा ठेवा. हा उपदेश नव्हे, कामाच्या अटी आहेत. २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती नेमावयाची आहे. दहाच्या आत माणसे असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या स्त्रीने तिच्याकडे तक्रार न्यावयाची. तिला लिहिता येत नसेल तर लिहून देणे हे समितीचे काम आहे. देसाईगंजची ती मुलगी घरकामगारच होती. आपल्या जिल्ह्यातील समितीवर कोण आहेत, हे प्रत्येक फळीवर आणि प्रत्येक मोहल्ल्यात ठाऊक असले पाहिजे.

वसतिगृहांचेही तसेच. २०१९ साली राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पोक्सोखाली नोंदली गेली. आईबाप दूर पाड्यावर, मूल शहरात; मधे सांगण्याजोगे माणूस नाही. आईबापांनी अचानक जाऊन मुलाला एकटे भेटता आले पाहिजे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहिलेला असला पाहिजे. ज्याला अत्याचार कळला त्याने तो पोलिसांत कळविलाच पाहिजे, न कळविणे हा गुन्हा आहे; संस्थेच्या प्रमुखाला तर अधिक शिक्षा आहे. संस्थेची अब्रू हे कारण तेथे चालत नाही.

शेवटी त्यांच्याविषयी, ज्यांचे बालपण असे गेले आणि जी आज आपल्यातच वावरत आहेत. संघटनेच्या कामात चाळिशी-पन्नाशीच्या माणसांनी, बायांनी आणि पुरुषांनीही, आम्हांस अशा गोष्टी सांगितल्या आहेत, ज्या त्यांनी आईलाही सांगितल्या नव्हत्या. ती माणसे कामे करतात, लेकरे वाढवितात, सभेला येतात. त्यांना दया नको असते. त्यांना हवे असते ते एक वाक्य: यात तुझा दोष नव्हता. ते वाक्य लहानपणी कोणी बोलले असते तर पुष्कळ ओझे तेव्हाच उतरले असते. २०१३ पासून आपल्या राज्यात मनोधैर्य योजना आहे. तिच्यातून पैसा मिळतो, वैद्यकीय मदत आणि समुपदेशन मिळते. ते हक्काने मागावे. परंतु पहिले वाक्य सरकार बोलू शकत नाही. ते ज्याच्याजवळ मूल प्रथम येते त्यानेच बोलावयाचे असते.

म्हणून तो जमाव विसरू नये. ठाणे जाळण्याची भाषा आम्ही शिकवीत नाही. पण त्या रात्री देसाईगंजच्या रस्त्यावर जमलेल्या माणसांनी त्या मुलीला वयाचा दाखला मागितला नाही, अंगावरच्या जखमा दाखव म्हटले नाही, सवयीची चौकशी केली नाही. तिने सांगितले आणि त्यांनी ऐकले. त्यांनी ऐकले म्हणून फिर्याद कागदावर उतरली. ती फिर्याद लिहिली गेली नसती तर खटला नव्हता, पत्र नव्हते, १९८३ नव्हते. पुढे मोठमोठ्या न्यायासनांना जे कळावयास वर्षे लागली, ते रस्त्यावरच्या माणसांना घटकाभरात कळले होते. आपल्या घरी, मोहल्ल्यात, फळीवर एखादे मूल काही सांगावयास आले, तर आपणही तेवढेच करावयाचे आहे: आधी ऐकावयाचे, विश्वास ठेवावयाचा, आणि मग त्याच्या सोबतीने ठाण्यापर्यंत जावयाचे.